हरिण सर्वांचे, माळ कोणाचा?

अमेरिकेच्या पश्चिमेकडील गवताळ माळावर हरणाची शिकार करावयास निघणाऱ्या सामान्य माणसाला बंदुकीच्या कितीतरी आधी नकाशा हाती घ्यावा लागतो. शिकारीचा हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबरचा. पण ओहायो किंवा मिसूरीतील एखादा शाळामास्तर जानेवारीच्या कडक थंडीतच जेवणाच्या टेबलावर वायोमिंग राज्याचा नकाशा पसरून बसलेला आढळतो. हा नकाशा रंगीत असतो. पिवळा रंग केंद्र सरकारच्या ‘ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट’ या खात्याच्या जमिनीचा, हिरवा राष्ट्रीय वनांचा, निळा राज्य सरकारच्या जमिनीचा आणि पांढरा खाजगी मालकीचा. ज्या विभागात हरणे सर्वांत अधिक, तेथे नकाशा बहुतांशी पांढरा असतो, आणि त्या पांढऱ्यावर पिवळे-निळे ठिपके विखुरलेले असतात. मास्तरांची सारी विवंचना त्या ठिपक्यांची आहे. हरिण कोठेही चरो, आपले दोन पाय मात्र रंगीत जागेवरच असले पाहिजेत, हे त्यांना पक्के ठाऊक असते.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकार बंद झाली, आणि ती बंद झाली हे बरेच झाले. त्यामुळे परवाना काढून, पैसे भरून, रांगेत उभे राहून हरिण मारणे ही कल्पनाच मराठी वाचकाला परकी वाटेल. काहींना ती अप्रियही वाटेल. पण या शिकारीच्या तयारीत बंदुकीचा भाग थोडा आणि जमिनीचा फार. जमिनीचे भांडण, हद्दीचा खांब, वहिवाटीची वाट, सरकारी जागेवरचे कुंपण, हे विषय सातबाराच्या उताऱ्यावर पिढ्यान्पिढ्या भांडत आलेल्या समाजाला परके वाटण्याचे कारण नाही.

प्रथम ज्या प्राण्यासाठी हा खटाटोप त्याच्याविषयी. अमेरिकन लोक त्याला सरसकट ‘अँटिलोप’ म्हणतात. प्राणिशास्त्रदृष्ट्या ते चूक आहे. खरा अँटिलोप म्हणजे आपले काळवीट. ‘अँटिलोपे’ ही प्रजाती त्याच्या एकट्याच्याच नावावर आहे. माळावरच्या या अमेरिकन प्राण्याचे नाव प्राँगहॉर्न. त्याचे सारे सगोत्र हिमयुगाच्या अखेरीपर्यंत नष्ट झाले आणि हा एकटा उरला. आज हयात असलेल्या प्राण्यांत त्याचे सर्वांत जवळचे नातेवाईक म्हणजे आफ्रिकेतील जिराफ व ओकापी. त्याच्या शिंगाला पुढे एक फाटा असतो आणि शिंगावरचे आवरण तो दरवर्षी टाकून देतो. ताशी ८५ ते ९० किलोमीटरांच्या वेगाने तो धावतो. आज अमेरिकेतील कोणत्याही हिंस्र पशूला इतक्या वेगाची बरोबरी करता येत नाही. मग एवढा वेग आला कशासाठी? शास्त्रज्ञांचे एक अनुमान असे की, हजारो वर्षांपूर्वी नाहीशा झालेल्या चित्त्यासारख्या श्वापदापुढे हा प्राणी पळत होता, ते श्वापद गेले, पण पळणे राहिले.

इतका चपळ प्राणी एका साध्या गोष्टीत दुबळा आहे. कुंपणावरून उडी मारणे त्याच्या अंगवळणी नाही. उघड्या माळावर लक्षावधी वर्षे काढलेल्या या जातीला उडी मारण्याजोगे काही आडवेच आले नव्हते. तारेखालून तो सरपटत जातो. तार जमिनीलगत असेल तर अडतो. बर्फाळ हिवाळ्यात दक्षिणेकडे सरकणारे कळप मेंढ्यांसाठी घातलेल्या जाळीच्या कुंपणाशी येऊन थांबतात आणि तेथेच उपासमारीने मरतात, असे अनेकदा घडले आहे. म्हणजे ज्या कुंपणाने शिकाऱ्याला अडविले त्याच कुंपणाने शिकारीलाही अडविले. या माळाचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास हा पुष्कळसा कुंपणांचाच इतिहास आहे.

तो इतिहास १७८५ पासून सुरू होतो. नव्या प्रजासत्ताकाने त्या वर्षी ठरविले की पश्चिमेची जमीन मोजावयाची ती नद्या-डोंगर पाहून नव्हे, तर पट्टी लावून. सहा मैल लांब-रुंद चौरसाची एक ‘टाउनशिप’, तिचे एकेक चौरस मैलाचे ३६ ‘सेक्शन’, आणि प्रत्येक सेक्शन ६४० एकरांचा. जगाच्या पाठीवर इतक्या विस्तीर्ण भूभागावर इतकी निर्विकार भूमिती क्वचितच लादली गेली असेल. या चौकटींपैकी काही शाळांसाठी राखून ठेवण्याची पद्धत पडली, आरंभी प्रत्येक टाउनशिपमधील सोळावी आणि पुढे छत्तिसावीही. नकाशावरचे निळे ठिपके म्हणजे बहुतांशी या शाळेच्या चौकटी. त्यांच्या खंडाचे उत्पन्न आजही शिक्षणनिधीत जाते. शाळामास्तरांनी आपल्या शिकारीसाठी नेमका हाच निळा ठिपका शोधावा यात एक गंमत आहे, ती मास्तरांच्या ध्यानी येते की नाही कोणास ठाऊक.

१८६२ साली लिंकनच्या कारकिर्दीत दोन कायदे झाले. एकाने कोणाही कुटुंबप्रमुखाला, तो पाच वर्षे राहून जमीन कसील या अटीवर, १६० एकर दिले. दुसऱ्याने महासागरापासून महासागरापर्यंत लोहमार्ग बांधण्यासाठी कंपन्यांना जमीन देऊ केली, आणि १८६४ मध्ये ती दुप्पट केली. लोहमार्गाच्या दोन्ही बाजूंना वीस-वीस मैलांच्या पट्ट्यात एकाआड एक सेक्शन कंपनीला आणि मधले सरकारकडे, अशी ती योजना. हेतू असा की, लोहमार्गामुळे सरकारच्या उरलेल्या चौकटींचाही भाव वाढावा आणि त्या विकून तिजोरी भरावी. पूर्वेकडील काळ्या कसदार मातीत हे गणित चालले असते. दक्षिण वायोमिंगच्या कोरड्या, वाऱ्याने झोडपलेल्या माळावर सरकारच्या चौकटी घ्यावयास कोणी आलेच नाही. लोहमार्गाच्या चौकटी मोठ्या पशुपालकांनी विकत घेतल्या. मधल्या सरकारी चौकटी सरकारपाशीच राहिल्या. त्या दिवसापासून आजतागायत तो प्रदेश बुद्धिबळाच्या पटासारखा आहे. एक घर खाजगी, एक सार्वजनिक, आणि सार्वजनिक घरे एकमेकांना फक्त कोपऱ्याने टेकलेली.

१६० एकरांत त्या माळावर कुटुंब पोसले जात नाही हे सरकारला उमजेपर्यंत बराच काळ गेला. १९०९ मध्ये मर्यादा ३२० एकरांवर गेली, १९१६ मध्ये पशुपालनासाठी ६४० एकरांवर. पाणी असलेल्या, ओढ्याकाठच्या जमिनी ज्याने त्याने आधीच उचलल्या होत्या; १८७४ मध्ये पेटंट मिळालेल्या काटेरी तारेने उरलेले काम केले. ज्याच्या हाती पाणी, त्याच्या हाती भोवतालचा कोरडा माळ, मग कागदावर तो कोणाचाही असो. थिओडोर रूझवेल्ट, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, १८८० च्या दशकात डकोटातील लिटल मिसूरीच्या काठी गुरे पाळीत आणि प्राँगहॉर्न टिपीत हिंडत असत. त्यांची ती प्रसिद्ध गुरवाडी ज्या जमिनीवर होती त्या जमिनीची मालकी त्यांच्यापाशी कधीच नव्हती. त्या काळी तेथे तसे कोणी विचारीतही नसे. तिसाव्या दशकात दुष्काळ व धुळीची वादळे आली, शेकडो कुटुंबे उठली, आणि सरकारने मोडकळीस आलेल्या शेतजमिनी परत विकत घेतल्या. आजची ‘राष्ट्रीय गवताळ प्रदेश’ म्हणून ओळखली जाणारी सुमारे ३८ लाख एकर जमीन मुख्यतः त्यातलीच. ईशान्य वायोमिंगमधील ‘थंडर बेसिन’ हा त्यांपैकी एक; साडेपाच लाख एकरांच्या आसपासचा, पण सलग नव्हे, खाजगी जमिनींत शेंगदाण्यासारखा पेरलेला. फसलेल्या शेतकऱ्यांची ती जमीन आज शिकाऱ्यांच्या पायाखाली आहे.

आणि या सर्वांच्याही आधीची गोष्ट अर्थातच राहून जाते. वायोमिंगमध्येच ट्रॅपर्स पॉइंट नावाच्या अरुंद खिंडीसारख्या जागी सुमारे सहा हजार वर्षांपूर्वी माणसांनी प्राँगहॉर्नचे कळप कोंडून मारल्याच्या खुणा उत्खननात मिळाल्या आहेत. १८६८ च्या तहाने क्रो जमातीला ‘अनधिवसित’ जमिनींवर शिकार करण्याचा हक्क दिला होता; वायोमिंग राज्य झाल्याने तो हक्क आपोआप संपला नाही, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला तो थेट २०१९ मध्ये, आणि तोही पाच विरुद्ध चार मतांनी.

आता पुन्हा मास्तरांच्या टेबलापाशी यावे. त्यांचा पहिला प्रश्न परवान्याचा. वायोमिंगमध्ये शिकारीचे विभाग पाडलेले असतात, प्रत्येक विभागाचे परवाने मोजके असतात आणि ते सोडतीने दिले जातात. परराज्यातील अर्जदाराने जूनच्या आरंभापर्यंत अर्ज करावयाचा. निकाल त्याच महिन्याच्या मध्यास लागतो. परराज्यीयांच्या परवान्यांपैकी शंभरात ७५ ‘अग्रक्रमाच्या गुणां’वर दिले जातात, २५ निव्वळ दैवावर. गुण म्हणजे वाट पाहिल्याची पावती. ज्या वर्षी परवाना मिळाला नाही वा मागितला नाही त्या वर्षी पैसे भरून एक गुण विकत घ्यावा आणि साठवीत जावे. म्हाडाच्या सोडतीत नाव घालून वर्षानुवर्षे यादी पाहणाऱ्या मुंबईकराला या पद्धतीचे मर्म समजावून सांगण्याची गरज नाही. साध्या परवान्याची फी सव्वातीनशे डॉलरच्या आसपास. परंतु एक ‘विशेष’ परवानाही असतो, त्याची फी १,२०० डॉलर. प्राणी तोच, हंगाम तोच, विभागही तोच. भरणारे थोडे म्हणून मिळण्याचा संभव साधारणतः अधिक, इतकेच त्यातले वैशिष्ट्य. रांगेत उभे राहण्याची समता आणि रांग चुकविण्याची सोय या दोन्ही एकाच खिडकीवर मिळतात.

येथे नवख्या माणसाची फसगत होते. सोडतीचे जुने निकाल चाळताना त्याला काही विभाग असे दिसतात की, तेथे परवाना एकही गुण नसताना मिळतो. उलट काही विभागांसाठी दहा-दहा वर्षे थांबावे लागते. नवख्याला वाटते, सोप्या विभागात हरणे कमी असतील. वस्तुतः तेथे हरणे मुबलक असू शकतात. तेथे नसते ती उभे राहावयास जागा. राज्याचे वन्यजीव खाते अर्जाच्या पुस्तिकेत अशा विभागांवर ‘सार्वजनिक प्रवेश कठीण’ अशी खूणही करते. ती बारीक अक्षरे न वाचता परवाना घेऊन आलेला माणूस हजार मैल गाडी हाकून माळावर पोचतो आणि तारेपलीकडे चरणारे शेकडो प्राँगहॉर्न मोटारीच्या काचेतून पाहून परत जातो. परवाना खरा, हरिण खरे, कुंपणही खरे.

म्हणून जाणता शिकारी उलट्या क्रमाने चालतो. आधी जागा, मग विभाग, मग परवाना. एखाद्या विभागात रंगीत ठिपके किती याला फारसे महत्त्व नाही. त्यांपैकी किती ठिपक्यांना सार्वजनिक रस्ता लागतो ते महत्त्वाचे. कारण नकाशावर रस्ता दिसला म्हणजे तो सर्वांचा असतोच असे नाही. काउंटीने राखलेला रस्ता वेगळा आणि जमीनमालकाने आपल्या ट्रॅक्टरसाठी पाडलेली चाकोरी वेगळी. शिकारी मग एकेक ठिपका तपासतो. हा निळा सेक्शन काउंटी रस्त्याला लागून आहे, चालेल. पण राज्याच्या जमिनीवर दिवसा शिकार करता येते, मुक्काम करता येत नाही, चूल पेटविता येत नाही. तो पिवळा सेक्शन मोठा आहे, पण चोहोबाजूंनी पांढरा, सोडा. हा तिसरा लहान, पण पलीकडे ओढा आणि अल्फाल्फाचे हिरवे शेत. संध्याकाळी कळप तिकडे जाताना या तुकड्यावरून जाईल का? असे दहा-बारा तुकडे हेरल्याखेरीज अनुभवी माणूस घराबाहेर पडत नाही, कारण पहाटे पहिल्या तुकड्यावर दुसऱ्याच कोणाची मोटार उभी असण्याचा संभव फार. अलीकडे हे नकाशे भ्रमणध्वनीवर आले, उपग्रहाच्या साहाय्याने आपण कोणाच्या जमिनीवर उभे आहोत ते पावलागणिक कळू लागले; त्याने हद्दीचे गुन्हे कमी झाले असतील, पण तो एकांतातला ठिपकाही आता प्रत्येकाच्या खिशात गेला.

दुसरा मार्ग सरकारी मध्यस्थीचा. मोंटाना राज्याने १९८५ मध्ये एक योजना सुरू केली. तिच्यानुसार जमीनमालक आपली जमीन शिकाऱ्यांना खुली ठेवतो आणि राज्य त्याला मोबदला देते. वायोमिंग, कॅन्सस, दोन्ही डकोटा येथेही वेगवेगळ्या नावांनी अशाच योजना आहेत. पैसा येतो तो परवान्याच्या फीतून, देणग्यांतून आणि काही अंशी केंद्राकडून. कॅन्सस, नेब्रास्का, टेक्सास यांसारख्या राज्यांत, जेथे शंभरातील नव्वदाहून अधिक एकर खाजगी, तेथे सामान्य शिकाऱ्याचा मुख्य आधार अशा योजनांचाच. वायोमिंगच्या परवान्याला एक कुपनही जोडलेले असते. ज्याच्या जमिनीवर हरिण पडले त्याला ते द्यावयाचे, आणि तो ते राज्याकडून वटवून घेतो. रक्कम किरकोळ. पण ‘तुझ्या गवतावर हे जनावर वाढले’ एवढी कबुली त्या कागदाच्या कपट्यात आहे, आणि जुने पशुपालक तिला किंमत देतात.

तिसरा मार्ग सर्वांत जुना: दार ठोठावणे. मे-जूनमध्ये, शिकारीची गर्दी सुरू होण्याच्या कितीतरी आधी, जमीनमालकाच्या घरी जावे, टोपी काढावी, नाव-गाव सांगावे आणि विचारावे. एकेकाळी याला बहुधा होकार मिळे. त्यातही माद्यांचा स्वस्त परवाना असलेल्याला, कारण अल्फाल्फा खाणारी हरणे कमी झाली तर मालकाला हवीच असतात. आज अनेक ठिकाणी उत्तर येते ते दराचे. मालकाने आपल्या जमिनीवरील शिकारीचा मक्ता व्यावसायिक वाटाड्याला दिलेला असतो, किंवा जमीनच अशा कोणी घेतलेली असते की जो तेथे राहत नाही आणि ज्याला शिकाऱ्याच्या शंभर-दोनशे डॉलरांचे अप्रूप नाही.

जमीनमालकाची बाजू नाही असे नव्हे, आणि शिकाऱ्यांच्या बैठकीत ती जितकी थोडक्यात आटोपली जाते तितकी ती लहानही नाही. उघडे टाकलेले फाटक, ओल्या मातीत मोटारीने पाडलेल्या चाकोऱ्या, सुक्या गवतात पडलेली ठिणगी, गुरांच्या अंगावरून गेलेली गोळी, हे सारे त्याने सोसलेले असते. हिवाळ्यात रानटी कळप त्याच्याच गंजीवर तुटून पडतात. वायोमिंगच्या कायद्यानुसार वन्य प्राणी राज्याची मालमत्ता. पण त्या मालमत्तेचे पोट पुष्कळदा खाजगी जमिनीवर भरते. तरीही याच मालकाची गुरे लगतच्या केंद्रीय जमिनीवर चरतात, आणि एक गाय-वासरू महिनाभर चारण्याचा तेथील ठरलेला किमान दर १.३५ डॉलर आहे, हेही विसरता येत नाही. चराईचा परवाना म्हणजे मालकी नव्हे. त्या जमिनीवरून शिकाऱ्याला हुसकण्याचा अधिकार त्याने मिळत नाही. मात्र तेथे पोचण्याची वाट आपल्या खाजगी चौकटीतून जात असेल तर हुसकण्याची गरजच पडत नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत पश्चिमेकडील तेरा राज्यांत केंद्र सरकारची सुमारे ९५ लाख एकर जमीन अशी आढळली की, जिच्यावर जाण्यास सामान्य नागरिकाला कायदेशीर वाटच नाही. हे क्षेत्र जवळजवळ आपल्या केरळ राज्याएवढे होते.

या वाटेचा वाद २०२१ मध्ये एका शिडीवर येऊन ठेपला. वायोमिंगच्या कार्बन काउंटीत, एल्क माउंटन नावाच्या डोंगराजवळ, मिसूरीहून आलेल्या चार शिकाऱ्यांनी बुद्धिबळाच्या पटावरील एका सार्वजनिक घरातून तिरक्या दुसऱ्या सार्वजनिक घरात जाण्यासाठी नेमक्या कोपऱ्यावर लोखंडी शिडी उभी केली. एका बाजूने चढले, दुसऱ्या बाजूने उतरले. त्यांचा पाय खाजगी मातीला लागला नाही. शेजारच्या दोन घरांवरच्या हवेतून मात्र त्यांचे खांदे क्षणभर गेले. ते प्राँगहॉर्नच्या नव्हे, एल्क या मोठ्या सांबरवर्गीय प्राण्याच्या मागे होते. पण पट तोच आणि प्रश्नही तोच. त्यांच्यावर फौजदारी खटला झाला. २०२२ मध्ये ज्यूरीने त्यांना निर्दोष ठरविले. दूरच्या राज्यात राहणाऱ्या जमीनमालकाने दिवाणी दावा लावला, आणि लक्षावधी डॉलरांच्या नुकसानीचा हिशेब मांडला. हवेचे मोल एवढे असते हे त्या निमित्ताने जगाला कळले.

दिवाणी न्यायालयात मालकाच्या बाजूला १९७९ चा एक निकाल होता: दक्षिण वायोमिंगच्या याच पटावर सरकारने एका मेंढपाळ कंपनीच्या जमिनीतून जलाशयाकडे रस्ता काढला तेव्हा, अशी वाट १८६२ च्या कायद्यात गृहीत धरलेली नव्हती, असे सर्वोच्च न्यायालय म्हणाले होते. शिकाऱ्यांच्या बाजूला त्याहून जुना, १८८५ चा कायदा होता. गुरांच्या बड्या धनिकांनी सार्वजनिक जमिनीला कुंपणे घालून तेथे येणाऱ्या वसाहतवाल्यांना अडविले म्हणून तो झालेला. सार्वजनिक जमिनीला कोणी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष बंदिस्त करू नये, असा त्याचा आशय. त्याच कायद्याच्या आधारे केंद्रीय न्यायालयाने २०२३ मध्ये शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला, दहाव्या विभागाच्या अपील न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये तो उचलून धरला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने त्यात लक्ष घालण्यास नकार दिला. एकशे चाळीस वर्षे जुन्या, मेंढपाळ-गुराख्यांच्या भांडणातून जन्मलेल्या कायद्याने भ्रमणध्वनीवर नकाशा पाहणाऱ्या चौघांची सुटका केली. मात्र या निकालाचे बंधन वायोमिंग, कोलोरॅडो, युटा, न्यू मेक्सिको, कॅन्सस व ओक्लाहोमा या दहाव्या विभागातील राज्यांपुरते. शेजारचे मोंटाना नवव्या विभागात येते. तेथील शिकाऱ्याने कोपरा ओलांडावा की नाही, याचे उत्तर त्या निकालाने दिलेले नाही.

या साऱ्या दिव्यातून पार पडून माणूस माळावर पोचला तरी शिकार पुढेच असते. अंगावर कायद्याने घालावा लागणारा भगवा वा गुलाबी भडक रंग, आणि समोर ज्याचे डोळे त्याच्या डोक्याच्या मानाने प्रचंड व दोन बाजूंना बसविलेले असा प्राणी. लपावयास झाड नाही. सेजची गुडघाभर झुडपे, निवडुंग, कोरड्या नाल्याची वळणे. दुर्बिणीने तासन् तास पाहावे, वारा पाहावा, मग नाल्यातून कोपरांवर सरपटत जावे. पाठलागाने हे जनावर मिळत नाही. त्याला जिज्ञासा मात्र विलक्षण. पूर्वीचे शिकारी गवतात आडवे पडून काठीला फडके बांधून हलवीत, आणि काय आहे ते पाहावयास प्राँगहॉर्न जवळ येत असे. आजचा कळप, दोनदा गोळ्या ऐकल्यावर, फडक्याला भुलण्याऐवजी सरळ तारेखालून खाजगी माळावर जातो आणि तेथे रवंथ करीत बसतो. हंगामाचा पहिला दिवस उलटला की, पिवळ्या ठिपक्यांवर माणसे आणि पांढऱ्यावर हरणे अशी वाटणी झालेली पुष्कळ ठिकाणी पाहावयास मिळते. सार्वजनिक काय आणि खाजगी काय, हे त्यांना नकाशावाचून कळते.

नेम लागलाच, तर त्यापुढे घाई करावी लागते. सप्टेंबरचे ऊन कडक. प्राँगहॉर्नची कातडी पोकळ केसांनी दाट भरलेली. तासाभरात पोट साफ करून, कातडे उतरवून मांस बर्फावर घातले नाही तर ते बिघडते. आणि या मांसाला उग्र दर्प येतो म्हणून जी तक्रार ऐकू येते ती बहुधा अशा हलगर्जीची असते. खाण्याजोगे मांस माळावर टाकून येणे वायोमिंगमध्ये गुन्हा आहे. रस्ता जवळ असलेला ठिपका निवडण्यामागे हेही कारण असते. ५० किलोचे धूड तीन मैल पाठीवर वाहणे हा चाळिशीच्या मास्तरांच्या उत्साहाचा विषय नसतो.

एवढे सगळे करावयाचे कशासाठी, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर शिकाऱ्याच्या हौसेपेक्षा निराळ्या जागी शोधावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या माळावर कोट्यवधी प्राँगहॉर्न असावेत असा अंदाज आहे. शंभर वर्षांत बाजारी शिकारीने ते काही हजारांवर आणले. वन्य प्राणी कोणा राजाचा नाही, जमीनदाराचा नाही, तो सर्व जनतेचा, आणि शिकार राज्याने ठरविलेल्या मर्यादेतच, या तत्त्वाने तो परत लाखांच्या घरात आला. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका व काडतुसांवरील कराचा पैसा वन्यजीवांच्या कामाला बांधून टाकला. हरिण वाचले ते हरणाच्या शिकाऱ्याने पैसे भरल्यामुळे. आणि त्याने पैसे भरले ते एक दिवस आपल्यालाही एक हरिण मिळेल या भरवशावर. तो भरवसा तारेशी येऊन अडला तर पैसे कोण भरील?

दुसरी पद्धत कशी दिसते ते पाहावयाचे तर टेक्सासला जावे. आपले काळवीट, ज्याच्यासाठी अहिल्यानगर जिल्ह्यातील रेहेकुरीला जेमतेम दोन-सव्वादोन चौरस किलोमीटरांचे अभयारण्य १९८० मध्ये झाले, ते १९३२ मध्ये टेक्सासच्या खाजगी कुरणांत नेऊन सोडण्यात आले. आज तेथे त्यांचे कळप हजारोंनी आहेत. परदेशी जनावर असल्याने त्याला हंगाम नाही, सोडत नाही, गुण नाहीत. ज्याचे कुरण त्याचे काळवीट. काही हजार डॉलर मोजावे, मालकाच्या गाडीतून जावे, बोट दाखविलेला नर टिपावा आणि संध्याकाळी परतावे. जातीच्या दृष्टीने काळविटाचे तेथे उत्तम चालले आहे, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. ओहायोच्या मास्तरांना मात्र तेथे काही काम नाही. आपल्याकडे गायरान आणि गावमाळ एकेक करून ज्या रीतीने कोणाच्या तरी नावावर चढत गेले, त्याची आठवण येथे येणे अपरिहार्य आहे. तेथे चरणारी काळविटे तरी कोणत्या नकाशावर होती?

२०२२-२३ च्या भीषण हिवाळ्यात, आणि त्यातच आलेल्या फुप्फुसाच्या साथीत, पश्चिम वायोमिंगमधील सब्लेट कळपाची निम्म्याहून अधिक जनावरे मेली. राज्याने त्या भागातील परवाने झपाट्याने कमी केले, आणि गुण साठवून बसलेल्यांची रांग आणखी लांबली. त्याच भागात काही पशुपालक आणि स्वयंसेवक, ज्यांत शिकारीही आहेत, जुन्या कुंपणांची सर्वांत खालची काटेरी तार काढून तिच्या जागी गुळगुळीत तार, जमिनीपासून हात-पाऊण हात उंचीवर, बसवीत असतात. कुंपण राहते, गुरे आत राहतात, हरिण खालून निघून जाते. मैलामैलाने चालणारे हे काम आहे, आणि कुंपणे हजारो मैलांची आहेत.